ऑरेंज परगण्याचें पाणी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्निया हें पश्चिम किनाऱ्यावरील एक मोठें संस्थान. त्याच्या दक्षिण भागांत, लॉस एंजेलीस शहराच्या खालच्या अंगास, समुद्राला लागून ऑरेंज नांवाचा एक परगणा आहे. परगणा म्हणजे साधारणतः आपल्याकडील जिल्ह्यासारखा मुलखाचा विभाग. १८८९ सालीं लॉस एंजेलीस परगण्यांतून तोडून तो निराळा करण्यांत आला. संत्र्यांवरून त्यास हें नांव पडलें. आज तेथील बागा बहुतेक नाहींशा झाल्या असून त्यांच्या जागीं घरें उभीं राहिलीं आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस तेथील डिस्नेलँडची माहिती आहे. तें ज्या अनाहाइम शहरांत आहे, त्या शहराचें नांव या लेखांत पुढें निराळ्याच कारणानें येईल.

या परगण्यांत ३१ लाखांवर माणसें राहतात, आणि पाऊस पडतो वर्षाकांठीं अवघा १३-१४ इंच. आपल्याकडील दुष्काळी म्हणून गणलेल्या तालुक्यांतही बहुधा याहून अधिक पाऊस होतो. तरी तेथें तोटी फिरविली कीं पाणी येतें, संडासांतील कळ दाबली कीं मैला वाहून जातो, आणि भिंतीवरील बटन दाबलें कीं दिवा लागतो. पाणी, गटार आणि वीज हीं तीन निराळीं खातीं आहेत असें आपण समजतों. ऑरेंज परगण्याची हकीकत वाचूं लागलें म्हणजे मात्र असें दिसतें कीं, तीं एकाच वहीचीं तीन पानें आहेत, आणि एका पानावरील रक्कम दुसऱ्यावर गेल्याशिवाय हिशेब जुळत नाहीं.

परगण्याच्या उत्तर व मध्य भागांखालीं वाळू आणि गोटे यांचे खोल थर आहेत व त्यांत गोडें पाणी सांठलेलें आहे. सान्ता आना नांवाची नदी डोंगरांतून उतरून समुद्राकडे जातां जातां या थरांत झिरपते. पूर्वीं शेतकरी विहिरी खणून हें पाणी उपशीत. पुढें उपसा वाढला, आणि नदीच्या वरच्या अंगाचे लोकही तिचें पाणी अधिकाधिक घेऊं लागले. तेव्हां १९३३ सालीं संस्थानच्या कायद्यानें ऑरेंज परगण्याचें जलमंडळ स्थापन झालें. हें मंडळ घरोघर पाणी विकीत नाहीं. जमिनीखालच्या सांठ्याची राखण करणें हें त्याचें काम. विहिरी आहेत त्या नगरपालिकांच्या व इतर पाणीसंस्थांच्या. त्यांनीं जितकें पाणी उपसावें तितका आकार मंडळास द्यावा, आणि मंडळानें त्या पैशांतून सांठा पुन्हा भरावा, असा हा व्यवहार आहे. मंडळाच्या दहा संचालकांपैकीं सात जण लोकांनीं निवडलेले असतात. आपल्याकडे एकानें बोअर खोल नेली कीं शेजाऱ्याची विहीर आटते, आणि मग दोन घरांचें बोलणें बंद होतें. विहीर एकट्याची असूं शकते, पण तिच्या तळचें पाणी एकट्याचें नसतें, ही गोष्ट त्या लोकांनीं कायद्यांत घालून ठेविली.

तरीही उपसा आवरला नाहीं. १९५६ पर्यंत जमिनीखालच्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीहून खालीं गेली, आणि खारें पाणी किनाऱ्यापासून पांच मैलांपर्यंत आंत शिरलें. कोंकणांतील खाडीकांठच्या विहिरीचें पाणी उन्हाळ्यांत मचूळ होतें, तें ज्यांनीं चाखलें आहे त्यांस याचें कारण सहज उमगेल. एका दाराला आंतून आणि बाहेरून दोघे रेटीत आहेत असें समजा. आंतला माणूस थकला कीं बाहेरचा आंत येतो. जमिनींतील गोड्या पाण्याचा दाब कमी झाला कीं समुद्र तसाच आंत येतो, आणि एकदां खारें झालेलें वाळूचें पोट पुन्हा गोडें होण्यास फार वर्षें लागतात.

यावर उपाय असा निघाला कीं, किनाऱ्याजवळ विहिरींची एक रांग खणावयाची, आणि त्यांतून पाणी उपसण्याऐवजीं उलट आंत सोडावयाचें, म्हणजे जमिनीखालीं गोड्या पाण्याची एक भिंतच उभी राहील. पण भिंतीकरितां पाणी आणावें कोठून? तें विकत घेण्याजोगें होतें तें कोलोरॅडो नदीचें, शेंकडों मैलांवरून कालव्यानें आणलेलें. मंडळाच्या लोकांची नजर त्यापेक्षां जवळच्या पाण्याकडे गेली. परगण्यांतील सांडपाणी थोडेंबहुत शुद्ध करून समुद्रांत सोडण्यांत येत असे. तेंच आणखी शुद्ध करून १९७६ पासून या विहिरींत भरण्यास आरंभ झाला. त्या कारखान्यास वॉटर फॅक्टरी २१ असें नांव होतें. पंचवीसांवर वर्षें तो चालला, आणि पुढें जें मोठें काम झालें त्याची शाळा तेथेंच झाली असें म्हणावयास हरकत नाहीं.

१९९० नंतरच्या दशकांत परगण्यांतील दोन मंडळांपुढें दोन अडचणी उभ्या राहिल्या. जलमंडळास पाणी कमी पडूं लागलें. मलनिःसारण मंडळास उलट पाणी अधिक होऊं लागलें. त्याचा एक मोठा नळ समुद्राच्या तळावरून सुमारें पांच मैल आंत गेलेला आहे. पावसाळी दिवसांतील लोंढ्यास तो पुरणार नाहीं, दुसरा नळ टाकावा लागेल, आणि त्यास फार मोठा खर्च येईल अशी चिन्हें होतीं. एकाच रस्त्यावरील एका घरांत धान्य नाहीं आणि दुसऱ्या घरांत तें ठेवण्यास जागा नाहीं, असा हा प्रकार. दोन्ही मंडळांनीं मिळून खर्च करावा व सांडपाणी पिण्याच्या योग्यतेस आणावें असें ठरलें. यांतच १९९४ च्या डिसेंबरांत परगण्याच्या खजिन्याचें दिवाळें निघालें. खजिनदारानें जोखमीच्या व्यवहारांत पैसा गुंतविल्यामुळें दीड अब्जाहून अधिक डॉलर बुडाले. लोकांचा विश्वास अशा रीतीनें हादरलेला असतां त्यांच्या पिण्याच्या पाण्यासंबंधीं त्यांच्याकडे विश्वास मागणें हें धाडसाचें काम होतें. सुमारें ४८ कोटी डॉलर खर्चून २००८ च्या जानेवारींत नवें काम सुरू झालें, तेव्हां त्यांतून दिवसाला ७ कोटी गॅलन पाणी निघे. २०१५ सालीं तें १० कोटी झालें, आणि २०२३ सालीं १३ कोटी, म्हणजे सुमारें ४९ कोटी लिटर. इतकें पाणी जवळजवळ १० लाख माणसांस पुरतें.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, गटाराचें पाणी पिण्याजोगें होतें तरी कसें? येथें आम्ही विद्यार्थ्यांस थोडें सावकाश वाचण्याची विनंती करतों.

प्रथम मलनिःसारण मंडळाच्या आवारांत चिंध्या, वाळू, गाळ व तेल हीं काढून टाकतात आणि सूक्ष्म जंतूंकडून उरलेली घाण खाववितात. इतकें झाल्यावर तें पाणी पूर्वीं समुद्रांत जात असे. आतां तें शेजारच्या जलमंडळाच्या आवारांत जातें व तेथें त्यावर तीन संस्कार होतात. पहिला गाळण्याचा. शेवयांसारखे बारीक व आंतून पोकळ असे असंख्य तंतू पाण्यांत बुडविलेले असतात. त्यांच्या अंगावरील छिद्रें माणसाच्या केसाच्या सुमारें तीनशेंव्या हिश्श्याइतकीं असतात. पाणी त्यांतून आंत ओढलें जातें; जंतु व गढूळपणा बाहेर राहतो.

पण पाण्यांत विरघळलेलें मीठ किंवा औषध अशा गाळणीनें गाळलें जात नाहीं. त्यासाठीं दुसरा संस्कार आहे, आणि तो समजण्यास स्वयंपाकघरांत जावें. मनुका पाण्यांत टाकल्या कीं फुगतात, कारण आंत साखर दाट आहे आणि सालींतून पाणी आपोआप दाट बाजूकडे शिरतें. कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेविलें कीं त्यांना पाणी सुटतें, कारण आतां दाट बाजू बाहेर आहे. पातळाकडून दाटाकडे जाणें हा पाण्याचा धर्म. यास परासरण म्हणतात. आतां दाट बाजूवर पुरेसा जोर दिला तर पाणी उलट जातें: तें पडद्यांतून पलीकडे निघून येतें, आणि मीठ, औषधें, विषाणु हीं मागें राहतात. ऑरेंज परगण्यांत हे पडदे अळूवडीच्या उंड्याप्रमाणें एकावर एक गुंडाळून लांबट नळ्यांत बसविलेले आहेत, आणि मोठाले पंप त्यांत पाणी रेटतात. १०० भाग पाणी आंत गेलें तर सुमारें ८५ भाग स्वच्छ होऊन बाहेर येतें. उरलेल्या १५ भागांत सर्व क्षार व घाण दाटलेली असते. तें त्या पांच मैलांच्या नळानें समुद्रांत सोडावें लागतें. हें सांगितल्यावांचून वर्णन पुरें होणार नाहीं.

तिसरा संस्कार उजेडाचा. पाण्यांत किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळतात. जखम धुण्याकरितां दवाखान्यांत वापरतात तेंच हें द्रव्य. मग अतिनील किरणांच्या दिव्यांसमोरून पाणी नेतात. पडद्यांतूनही निसटलेलीं कांहीं अत्यंत लहान द्रव्यें या जोडीनें मोडून पडतात.

यानंतर एक मौजेची गोष्ट घडते. पाणी इतकें निर्मळ होतें कीं, तें तसेंच सोडणें चालत नाहीं. क्षार नसलेलें पाणी भुकेलें असतें. ज्या नळांतून जाईल त्या नळाचें सिमेंट तें खाऊं लागतें. म्हणून त्यांत थोडा चुना घालावा लागतो. आमच्या मतें साऱ्या कारखान्यांत मुलांनीं ध्यानांत ठेवावी अशी हीच गोष्ट आहे. नंतर कांहीं पाणी किनाऱ्याजवळच्या विहिरींत जाऊन समुद्राला थोपवितें, आणि पुष्कळसें सुमारें १३ मैल लांबीच्या नळानें अनाहाइम येथील तलावांत जातें. तेथें तें वाळूंतून झिरपून जमिनीखालच्या सांठ्यास मिळतें, आणि कालांतरानें विहिरींतून वर येतें.

विजेचें पान अजून राहिलें. आमच्यापैकीं जी माउली डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढली आहे, तिला पाणी जड असतें हें शिकवावें लागत नाहीं. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. दक्षिण कॅलिफोर्नियास उत्तरेकडून जें पाणी येतें, तें वाटेंत टेहाचापी नांवाच्या डोंगरावरून न्यावें लागतें. एडमन्स्टन पंपघरांत तें एका दमांत १,९२६ फूट वर चढवितात; हा चढ आपल्या बोरघाटाच्या चढाहून थोडा अधिकच आहे. कोट्यवधि हंडे रात्रंदिवस खंडाळ्यास चढवावयाचे तर किती वीज लागेल याचा हिशेब वरच्या वर्गांतील मुलांनीं करून पाहावा. जलमंडळाच्या हिशेबाप्रमाणें सांडपाणी शुद्ध करण्यास यापेक्षां सुमारें निम्मीच शक्ति लागते, आणि समुद्राचें पाणी गोडें करण्यास लागते तिच्या सुमारें तृतीयांश. याचें कारणही पडद्याच्या धड्यांतच आहे: समुद्राच्या पाण्यांत मीठ फार, म्हणून जोरही फार द्यावा लागतो.

शिवाय गटार स्वतःही थोडी शक्ति देतें. गाळ मोठ्या बंद टाक्यांत माणसाच्या अंगाइतक्या उबेंत ठेविला कीं त्यांतून जळणारा वायु निघतो. आपल्या खेड्यांतील गोबरगॅसचीच ही थोरली बहीण. त्या वायूवर मलनिःसारण मंडळ यंत्रें चालवून आपणांस लागणारी बरीचशी वीज तयार करतें, आणि उरलेला गाळ खत म्हणून शेतांत जातो. ही कल्पना अमेरिकेचीच आहे असें कोणीं समजूं नये. १८९७ सालीं आपल्या मुंबईंत, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत मैल्याच्या टाकींतून निघणारा वायु गोळा करून उपयोगांत आणण्यांत आला होता. ज्यांस समाजानें दूर ठेविलें, त्यांच्या वस्तींत हा प्रयोग झाला. त्याचें स्मरण आज मुंबईंत फारसें कोणास नाहीं.

इतकें सर्व वाचून झाल्यावरही एखादा पालक म्हणेल, 'तुमचें शास्त्र खरें असेल, पण आमच्या घशाखालीं तें पाणी उतरणार नाहीं.' हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ऑरेंजच्या दक्षिणेस सॅन डिएगो नांवाचें मोठें शहर आहे. तेथें अशीच योजना निघाली असतां विरोधकांनीं 'संडासांतून थेट नळांत' अशा अर्थाची एक घोषणा उचलली. शास्त्रज्ञांचे अहवाल एका बाजूस राहिले आणि १९९९ सालीं नगरसभेनें योजना सोडून दिली. ऑरेंजच्या मंडळांनीं यावरून धडा घेतला. यंत्रें बसण्यापूर्वीं कित्येक वर्षें त्यांचीं माणसें मंडळींच्या बैठकी, चर्च, शाळा, व्यापाऱ्यांच्या सभा येथें जाऊन बोलत राहिलीं. गटाराचें पाणी हा शब्द त्यांनीं लपविला नाहीं. २००० सालीं वॉटर फॅक्टरीच्या पाण्यांत एन-डी-एम-ए नांवाचें, कर्करोगास कारण होणारें मानलें गेलेलें एक द्रव्य अत्यल्प प्रमाणांत सांपडलें. सर्व यश धुळीस मिळण्याचा तो प्रसंग होता. तें दडवून ठेवण्यांत आलें नाहीं. नव्या कारखान्यांत उजेडाच्या संस्कारास जें महत्त्व मिळालें त्याचें एक मोठें कारण हीच घटना होय.

आणि जें पाणी लोक निःशंकपणें पीत होते तें कोठलें होतें? सान्ता आना नदीच्या वरच्या अंगास रिव्हरसाइड, सॅन बर्नार्डिनो अशीं मोठीं शहरें आहेत. पाऊस नसतो तेव्हां नदींत जें पाणी वाहतें, तें बहुतेक त्या शहरांनीं शुद्ध करून सोडलेलें सांडपाणीच असतें. त्यास नदी म्हटलें कीं मन शांत होतें. आपल्याकडेही वरच्या गांवाचें सांडपाणी खालच्या गांवाच्या पाणवठ्यावर येतेंच, आणि तें पुष्कळ ठिकाणीं मुळींच शुद्ध केलेलें नसतें. अलीकडे पीफास नांवाचीं, कधींच न कुजणारीं रसायनें परगण्याच्या विहिरींत आढळलीं. २०२० च्या सुमारास मर्यादा कडक झाल्यावर डझनावारी विहिरी बंद ठेवाव्या लागल्या, आणि त्या पाण्याकरितां निराळीं शुद्धियंत्रें बसविण्याचें काम मंडळास हातीं घ्यावें लागलें. हीं रसायनें मुख्यत्वें आलीं तीं नदीच्या पाण्याबरोबर. गटाराचें म्हणून ज्याला नाक मुरडलें, त्या पाण्यांतून पडद्यांनीं तीं काढून टाकलेलीं होतीं.

पाण्याचा विटाळ कशानें होतो, हा प्रश्न आपल्या देशांतही विचारला गेला आहे, आणि त्याचें उत्तर फार काळ पाण्याकडे न पाहतांच देण्यांत आलें. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेंढोरें पाणी पीत असत. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहस्रावधि अनुयायी तेथें पाणी प्याले, तेव्हां तें तळें विटाळलें असें ठरवून शेण, गोमूत्र इत्यादि घालून त्याची 'शुद्धि' करण्यांत आली. तळें सर्वांस मोकळें असल्याचा मुंबई हायकोर्टाचा निर्णय होण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. पाणी कोणी स्पर्शिलें एवढेंच पाहणारा न्याय आणि पाण्यांत काय आहे तें तपासून बोलणारा न्याय, हे दोन न्याय आमच्या विद्यार्थ्यांनीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. परगण्याच्या प्रयोगशाळेंत पाण्याचा नमुना येतो तेव्हां तो कोणाच्या घरांतून निघाला हें बाटलीवर लिहिलेलें नसतें. श्रीमंताच्या बंगल्याचें आणि मजुराच्या खोलीचें पाणी एकाच नळांतून आलेलें असतें, आणि त्याच नळाचें पाणी पुन्हा दोघांच्या घरीं जातें.

आतांपर्यंत कॅलिफोर्नियांत असें पाणी जमिनींतून किंवा तलावांतून गेल्याशिवाय घरीं पोंचूं देत नसत. २०२३ च्या डिसेंबरांत तेथील सरकारी जलमंडळानें अधिक कडक शुद्धीच्या अटींवर तें सरळ नळांतही सोडतां यावें असे नियम मंजूर केले. नामिबिया देशांतील विंडहुक शहर तर १९६८ पासून तसें करीत आलें आहे. ऑरेंज परगण्याचा कारखाना लोकांस पाहण्याकरितां खुला असतो. शाळांचीं मुलेंही तेथें येतात. तिन्ही संस्कार दाखवून झाले म्हणजे शेवटीं पाहुण्यांस एका तोटीपाशीं नेतात आणि प्रत्येकाच्या हातीं पाण्याचा एक लहान पेला देतात.